उंदीर कोणी पकडला? किनारी जंगलांतल्या नोंदींचं एक वाचन

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. समीक्षेच्या व्याख्यानात उंदीर कुठून आले? पण समीक्षा फक्त कथा-कवितांचीच करायची असा काही नियम नाही. अहवाल हेही लेखनच असतं. तेही कोणीतरी लिहितं, काही सांगतं, काही गाळतं. आज मी अशाच लेखनाबद्दल बोलणार आहे: जंगलात जाऊन लहान उंदीर पकडायचे, मोजायचे आणि त्यांच्याबद्दल लिहायचं, या कामातून जे लेखन तयार झालं त्याबद्दल. जागा म्हणाल तर सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी, म्हणजे सिंधुदुर्ग, गोवा, उत्तर कन्नड. काळ म्हणाल तर सुमारे पावणेदोनशे वर्षं. अधूनमधून घाट चढून वर जावं लागेल, कारण ही गोष्ट सुरू होते ती वर, धारवाडला.

प्रत्येक लेखनाला मी तीन साधे प्रश्न विचारणार आहे. उंदीर कोणी पकडला? कशानं पकडला? आणि नेमका कुठे पकडला? या तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी देणारं लेखन फार कमी सापडतं, आणि त्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात एका नावापासून करू. मिलार्डिया मेल्टाडा. मऊ केसांचा, शेतात राहणारा एक उंदीर आहे, त्याचं हे शास्त्रीय नाव. यातलं पहिलं नाव १९११ साली दिलं गेलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्यावरून. दुसरं नाव जुनं, १८३७ चं. ते आलं वडारांच्या बोलीतून. वडार या उंदराला ‘मेट्टाड’ म्हणत. वॉल्टर एलियट नावाचा अधिकारी तेव्हा धारवाडकडे होता, त्या मुलखाला इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणायचे. त्यानं नमुने लंडनला पाठवले, तिथे ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रे यांनी नाव दिलं, आणि वाटेत कुठेतरी एका ‘टी’चा ‘एल’ झाला. मेट्टाडचा मेल्टाडा. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम कडक असतात, एकदा छापलेलं नाव सहसा बदलत नाही. म्हणजे बघा, एकाच उंदराच्या नावात साहेबाचं आडनाव व्यवस्थित आहे, आणि ज्यांनी तो खणून काढला त्यांचा शब्द चुकलेला आहे, आणि तो तसाच राहणार आहे.

पण एलियटवर रागावायचं कारण नाही. उलट मी तर म्हणेन, माझ्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर यानंच दिलं आहे. १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्यानं या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. यादी म्हणायची, पण वाचायला बसलात तर माणसं दिसतात. वडार उंदीर पकडून खातात, सुगीच्या दिवसांत बिळं खणून त्यातला साठवलेला दाणा काढतात, एका बिळात कधी कधी अर्धा शेर धान्य निघतं, ज्वारीची अख्खी कणसं निघतात, हे सगळं तो लिहितो. १८२६ साली पाऊस कमी पडला, काळ्या जमिनीतल्या भेगा मिटल्या नाहीत, आणि उंदीर बेसुमार वाढले. पेरलेलं बी ते खाऊन टाकायला लागले. तेव्हा शेतकऱ्यांनी वडारांना लावलं, इतके डझन उंदीर मारले की इतकं माप धान्य असा हिशोब ठरला. हजारो मारले तरी संख्या कमी झालेली जाणवली नाही, हेही त्यानं नोंदवलं आहे.

यात काय काय आहे ते पाहा. पकडणारे कोण ते आहे. त्यांचा मोबदला आहे. पाऊस, जमीन आणि उंदीर यांचा संबंध आहे. भेगा मिटल्या नाहीत म्हणून उंदीर वाचले, हे निरीक्षण जमीन रोज खणणाऱ्या माणसाकडूनच यावं असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, एलियट तसं म्हणत नाही. त्याच्या लेखनाची मर्यादा इथेच आहे. वडार त्याला मजूर म्हणून दिसतात, खाणारे म्हणून दिसतात. सांगणारे म्हणून फक्त एका जागी दिसतात, नावं देताना. आणि दुसरी मर्यादा म्हणजे हा सगळा उघड्या रानाचा, शेताचा तपशील आहे. घाट उतरून दाट झाडीत गेलं की त्याची बिळं खणण्याची पद्धत अपुरी पडते.

आता दुसरं लेखन. १९११-१२ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं. ते १९२३ पर्यंत चाललं. वर्गणी गोळा केली, पगारी संग्राहक नेमले. सुरुवात आपल्या खानदेशातून झाली. उत्तर कॅनऱ्याच्या जंगलात, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, शॉर्टरिज नावाचा संग्राहक गेला. जमा झालेली कातडी आणि कवट्या लंडनला जायच्या. तिथे रॉटन अहवाल लिहायचे. रॉटन स्वतः मुंबई इलाख्यात वनखात्यात काम केलेले गृहस्थ. अहवाल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून यायचे.

हे अहवाल रुक्ष आहेत, पण त्यांच्याबद्दल मला आदर आहे. का, ते सांगतो. एकेक जात घ्यायची, नर किती, मादी किती, कुठल्या गावाजवळ, आणि मग संग्राहकाचं छोटं टिपण. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी बांधलेली: जागा, तारीख, मापं. ही शिस्त फार मोठी गोष्ट आहे. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो संग्रहालयात जाऊन तो खण उघडून ती कवटी हातात घेऊ शकतो. लेखकाचं म्हणणं तपासायची सोय त्यानं स्वतःच करून ठेवली आहे. किती लेखक असं करतात?

पण पहिला प्रश्न विचारला की अहवाल गप्प बसतो. शॉर्टरिज एकटा रात्री जंगलात हिंडून सगळे सापळे लावत होता का? हे शक्यच नाही. सापळे वाहणारे, वाट दाखवणारे, बीळ ओळखणारे, झाडाच्या ढोलीत हात घालणारे लोक असणारच. चिठ्ठीवर संग्राहक म्हणून एकच नाव. आणि जंगल? जंगलाच्या जागी गावाचं नाव. त्या गावाजवळ उंदीर जमिनीवर सापडला, की वेलीवर, की कोणाच्या माळ्यावर, हे चिठ्ठी बहुतेक वेळा सांगत नाही.

यानं काय बिघडतं? एक उदाहरण देतो, आणि माझ्या मते आजच्या बोलण्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. या सर्वेक्षणातून जमलेल्या उंदरांवर हिंटन यांनी १९१८-१९ मध्ये एक मोठा अहवाल लिहिला. विषय होता भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधले ‘घरउंदीर’. त्या काळात हा विषय महत्त्वाचा का होता, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो. उंदीर म्हणजे प्लेग, म्हणून घरातला उंदीर आधी समजून घ्या, असा तो काळ होता. हिंटन यांनी लंडनमध्ये बसून कवट्या मोजल्या, रंग पाहिले, शेपट्या मोजल्या आणि काळ्या घरउंदराच्या अनेक उपजाती ठरवल्या. त्यातली एक साताऱ्याच्या नावावर. घाटमाथ्याच्या जंगलातला उंदीर, पण दाखल झाला घरउंदरांच्या अहवालात, घरउंदराची उपजात म्हणून.

बराच काळ तो तिथेच राहिला. २०११ साली एक अभ्यास छापून आला. दक्षिण भारतात हे दोन्ही उंदीर एकाच परिसरात राहतात, आणि तरी त्यांची शरीररचना, गुणसूत्रं, जनुकं वेगळी आहेत, असं त्यात दाखवलं गेलं. म्हणजे ही स्वतंत्र जात. रॅटस साताराए. सह्याद्रीचा स्वतःचा रानउंदीर. जवळजवळ शतकभर आपण त्याला घरउंदराचा भाऊबंद समजत होतो.

यात हिंटन चुकले असं म्हणायचा मला मोह होत नाही. त्यांच्यासमोर कातडं होतं. तो उंदीर कुठल्या उंचीवर, कशावर वावरतो, घरात येतो की नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते माहीत असलेला माणूस सातारकडच्या एखाद्या वाडीत बसला असणार. चिठ्ठीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

आता तिसरं लेखन, आपल्या जवळचं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापानं आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, नवा विषाणू शोधला. गोचिडीतून पसरणारा. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ मध्ये दोडामार्गात. काजूच्या बागेत, रानात काम करणारी माणसं आजारी पडली.

माकड मेलं की दिसतं, म्हणून नाव माकडाचं. पण या गोचिडीची पिल्लं रक्त पितात ती लहान प्राण्यांचंही. म्हणून शास्त्रज्ञांनी सुरुवातीपासून जंगलातले उंदीर आणि चिचुंद्र्या पकडून तपासल्या. त्या लेखनात आपल्याला पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर भेटतो, चिचुंद्री भेटते, आणि ‘रॅटस रॅटस रॉटनाय’ भेटतो. हे शेवटचं नाव ओळखीचं वाटलं का? हिंटन यांनी रॉटन यांच्या नावावरून दिलेलं, त्याच घरउंदरांच्या अहवालात.

आता प्रश्न किती गंभीर होतो ते बघा. जंगलातला उंदीर जंगलातच राहतो, की काजूची बाग ओलांडून घराच्या पडवीत येतो? गोचीड कोणाच्या अंगावरून कुठपर्यंत जाते? याचं उत्तर देताना ‘उंदीर’ एवढं लिहून चालत नाही. कुठला उंदीर, कुठे पकडला, जमिनीवर की फांदीवर, हे लागतं. जुन्या नोंदीत नुसतं ‘रॅटस रॅटस’ असेल आणि नमुना जपलेला नसेल, तर ते घरउंदीर होते की रानउंदीर हे आता ठरवायला मार्ग नाही.

इथे आजच्या पद्धतीबद्दल बोललं पाहिजे. आजचं लेखन दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे ‘कशानं’ याला, छान उत्तर देतं. ॲल्युमिनियमचा घडीचा शर्मन सापळा, किंवा आपल्याकडचा तारेचा पिंजरा. दहा-दहा मीटरवर एक. मोजायचं एकक ‘सापळा-रात्र’. समजा ५० सापळे ४ रात्री लावले, तर २०० सापळा-रात्री. उंदीर सापडले ८, तर प्रमाण ४ टक्के. ऐकायला स्वच्छ.

पण किनारी जंगलात काय होतं? मुंग्या आमिष नेतात. पाऊस पडला की खेकडे येतात. कशानंतरी धक्का लागून दार बंद होतं आणि आत काही नसतं. असा रिकामा बंद सापळा अर्धी रात्र धरायची पद्धत आहे. वरच्या उदाहरणात असे ४० निघाले तर २०० मधून २० वजा, १८० उरले, आणि प्रमाण ४.४ झालं. किती अहवाल ही वजाबाकी दाखवतात, ते वाचताना बघा. घूस छोट्या सापळ्यात मावत नाही, म्हणून ती त्या यादीत नसते. रॅटस कुळातले उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पहिल्या रात्रीचा आकडा कमी. आणि झाडावरचे उंदीर? जमिनीवर सापळा लावला तर ते जंगलात नाहीतच असं वाटतं. दक्षिणेकडे मलबारचा काटेरी झाडउंदीर आहे, ढोलीत राहणारा. तो ताडीच्या मडक्यांत सापडतो हे १९व्या शतकातच लिहून ठेवलंय. ताडी काढणाऱ्याचं मडकं हा त्याच्यासाठी आपल्या सापळ्यापेक्षा बरा सापळा होता, असंच म्हणायचं.

शिवाय पावसाळ्यात फारसं कोणी सापळे लावत नाही. म्हणजे किनारी जंगलाचं जे वर्णन आपण वाचतो ते बहुतेक कोरड्या महिन्यांचं असतं. चार महिने पावसातले पान कोरं.

आणि ‘कोणी’ हा प्रश्न? तो व्याकरणानंच मिटवून टाकलाय. ‘सापळे लावण्यात आले.’ ‘नमुने गोळा करण्यात आले.’ कोणाकडून, याची वाक्याला गरजच नाही. एलियटच्या लेखनात निदान वडार होते. आपल्या लेखनात कोणीच नाही.

हे मी दुसऱ्यांना बोल लावायला सांगत नाही. मी स्वतः असंच लिहिलंय. तरुणपणी अशा एका कामावर मी मदतनीस होतो. तीन रात्री जमिनीवर सापळे, हाती काही नाही. आमच्याबरोबर गावातले एक मामा असत. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “हयसर नको, थंय फांदयेर बांधा.” आमिषाचं पीठही त्यांनी बाजूला ठेवलं आणि भाजलेलं खोबरं घातलं. दुसऱ्या दिवशी दोन सापळे भरले होते. त्याच सकाळी आम्ही उशिरा निघालो होतो. खालच्या एका पिंजऱ्यात चिचुंद्री मरून पडली होती. चिचुंद्रीला सतत खावं लागतं, काही तास उपाशी राहिली की संपली, हे मामांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलंही होतं, लवकर निघूया. नंतर मी जे टिपण लिहिलं त्यात फांदीवरचे दोन उंदीर होते. मामा नव्हते. चिचुंद्री पण नव्हती, कारण ती ‘उद्दिष्टात’ नव्हती. ते टिपण आज काढून वाचलं तर चुकीचं एकही वाक्य सापडणार नाही. आणि तरी ते खोटं आहे, असं मला वाटतं.

मग चांगलं लेखन कसं असावं? मला तीन लेखनांतून तीन गोष्टी उचलाव्याशा वाटतात. एलियटकडून पकडणारी माणसं, त्यांचे शब्द, त्यांचा मोबदला. जुन्या सर्वेक्षणाकडून चिठ्ठीची शिस्त आणि तपासता येईल असा पुरावा. आजच्या अभ्यासाकडून सापळ्याचा हिशोब. आणि तिघांकडेही कमी पडलेली एक गोष्ट, ती म्हणजे रिकाम्या सापळ्यांचं आणि मेलेल्या प्राण्यांचं खरं टिपण. रायगड-ठाण्याकडचे कातकरी बीळ पाहून आत काय आहे ते सांगतात. त्यांना रोजंदारी देऊन आपण ते ज्ञान घेतो आणि ‘स्थानिकांच्या मदतीने’ या दोन शब्दांत गुंडाळतो. कोणी, कधी, काय सांगितलं, हे त्यांच्या परवानगीनं लिहिणं अवघड नाही. दोन ओळी जास्त लागतात.

शेवटी एक कायद्याचं लेखन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक अनुसूची होती. त्यात उंदीर सरसकट होते, जातीचं नाव न घेता. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. पन्नास वर्षं कायद्याच्या भाषेत सह्याद्रीचा रानउंदीर आणि वाण्याच्या दुकानातला उंदीर यांत फरक नव्हता. कायदा लिहिणाऱ्यांना तो कळायचा कुठून? त्यांच्यापर्यंत पोचलेल्या लेखनातही तो नव्हता.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: तुम्ही नमुने जपण्याचं कौतुक केलंत. म्हणजे उंदीर मारावेत असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर: अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. पकडून सोडून देणं मला आवडतं. पण सोडलेल्या उंदराबद्दल लिहिलेलं पुढे तपासता येत नाही. साताऱ्याचा उंदीर वेगळा आहे हे कळलं ते शरीर आणि जनुकं दोन्ही तपासता आली म्हणून. आज कानाचा छोटासा तुकडा घेऊन, नीट फोटो काढून, मापं घेऊन बरंच साधतं. तेवढं तरी प्रत्येकानं करावं, आणि जिथे प्राणी ठेवलाच जातो तिथे का ठेवला हे लिहावं. आपल्या निष्काळजीपणानं मेलेला प्राणी मात्र नोंदीतून गायब करू नये.

प्रश्न: माकडतापाच्या भागात आम्ही राहतो. घराजवळ उंदीर मारले तर धोका कमी होईल का?

उत्तर: मी डॉक्टर नाही, म्हणून बेतानं सांगतो. रानात जाताना अंग झाकणं, गोचीड लागू नये म्हणून तेल किंवा मलम लावणं, परत आल्यावर अंग तपासणं, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, हे आधी. उंदरांचं म्हणाल, तर तुमच्या पडवीत येतो तो कुठला उंदीर, हे आधी कळलं पाहिजे. आणि ते सांगणारं माणूस बहुधा तुमच्याच वाडीत आहे. अभ्यासाला कोणी आलं तर त्याला आधी त्या माणसाकडे घेऊन जा, आणि त्याचं नाव लिहून घेतलं का ते विचारा.